दहावीचा बोकड

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या शाळेच्या दहावीच्या वर्गाने दत्तक घेतलेला, रंगाने काळा, कानाने पांढरा, स्वभावाने शांत व प्रकृतीने दांडगा असा बोकड अद्यापही बाप झालेला नाही. सबब, ज्यांना ज्यांना म्हणून त्याच्याकडून अपेक्षा होत्या, त्यांनी त्या आपापल्या जबाबदारीवर चालू ठेवाव्यात. हुकुमावरून.

शोभे, ही सूचना मी तुला रिठदच्या फाट्यावर मोठ्यानं वाचून दाखवली असती. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. तू म्हणाली असतीस, "नाटकी, हळू. लोक बघून राह्यले." आणि मग 'प्रकृतीने दांडगा' या शब्दांवर तूच फिस्सकन हसली असतीस, आणि बस आल्यावरही तुझं हसणं थांबलं नसतं म्हणून कंडक्टरनं आपल्याला पुन्हा एकदा वेड्यात काढलं असतं.

आता मी हे कागदावर लिहिते आहे. कागद हसत नाही. आणि खरं सांगू का, मी दमले आहे. तुझ्याबद्दल सांगून दमले आहे. रोज कोणी ना कोणी स्टाफरूममध्ये येतं, तुझ्या फोटोकडे बघतं, च्-च् करतं आणि म्हणतं, "कसं झालं हो?" मग मी पुन्हा पहिल्यापासून. तो फोटोही तुझ्या ओळखपत्रावरचा मोठा केलेला. त्यात तू अशी रागावलेली दिसतेस की हार घालणारा शिपाईसुद्धा मागं सरकतो.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, शोकसभेसाठी चार ओळी लिहून द्या. तुमचं मराठी आहे." जणू मराठी शिकवलं की रडणं आपोआप शुद्ध येतं. मी चार ओळी दिल्या. त्यांनी त्या वाचल्या नाहीत, आपल्या मनानंच बोलले. त्यातून जे घडलं ते तुला सांगायचं आहे. पण ते असं एकदम सांगता येणार नाही. तू म्हणायचीस ना, "आधी पुरावा, मग निष्कर्ष." तर आधी पुरावा.

आपल्या दोघींच्या वर्गांमध्ये पत्र्याची भिंत होती. माझ्याकडं नववी, तुझ्याकडं दहावी. माझ्या कविता तुझ्या पोरांना पाठ व्हायच्या आणि तुझं जीवशास्त्र माझ्या पोरांना. मी एखादी ओळ गळा काढून म्हणायचे आणि पलीकडून तुझा आवाज यायचा, "लक्ष इकडं. तिकडं नाटक चालू आहे, इकडं जग चालू आहे."

त्या पत्र्याच्या भिंतीतून मी तुझं शिकवणं इतकी वर्षं ऐकलं, की मला आता उत्क्रांती बऱ्यापैकी येते. प्राण्यांच्या वर्गीकरणाला तू प्राण्यांपासून कधी सुरुवात केली नाहीस. साऱ्या वर्गाच्या चपला व्हरांड्यात ओतायला लावायचीस आणि म्हणायचीस, "लावा गट." पोरं भांडायची. मागून पट्टा असलेल्या एकीकडं, अंगठ्याच्या एकीकडं. प्लास्टिकचे पावसाळी बूट कुठं, यावर एकदा मधली सुट्टी संपली. कोणी म्हणालं, "मॅडम, ह्या मोठ्या माणसाच्या हायेत." तू म्हणालीस, "मोठा माणूस चपलेत दिसतो का? डोळ्याला दिसतं ते सांग. मॅडमला आवडेल ते नको." त्या दिवशी मुख्याध्यापकांचा एक बूट 'झिजलेल्या टाचा' या गटात गेला आणि दुसरा 'न झिजलेल्या टाचा'मध्ये, कारण सर एका पायावर भार देऊन चालतात. ते बिचारे एक बूट घालून दुसरा शोधत होते आणि तू त्यांना समजावत होतीस की गट बरोबर लागले आहेत, चूक तुमच्या चालण्यात आहे.

आणि तो बाप आठवतो? "मॅडम, आमच्या पोट्ट्याले तुमी माकडाचं लेकरू म्हनून राह्यल्या का?" असं विचारायला ऐन तासाला वर्गात आला होता. तू खडू खाली ठेवलास. म्हणालीस, "दादा, माकड आपला आजोबा नाही. चुलत घराणं आहे. लई मागं, कधीतरी आपला आणि त्यांचा पणजोबा एक होता, इतकंच." त्यानं विचार केला. खरोखर केला, भिंतीपलीकडून मला तो विचार ऐकू आला. मग म्हणाला, "मंग आता वाटनीले येतीन का ते?" तू म्हणालीस, "ते दरवर्षी तुमच्या हरभऱ्यात येतात, तेव्हा काय मागतात असं वाटतं तुम्हाला?" तो हसत घरी गेला. तू अकोल्याची, डांबरी रस्त्यावर वाढलेली. पण गावाशी बोलायची तऱ्हा तुला कोणी शिकवली नव्हती, ती होतीच.

गाव मात्र तुझ्याशी तितकं मोकळं बोलत नव्हतं. बोकडाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

या वर्षी शाळा उघडली आणि तू आनुवंशिकतेचा धडा काढलास. पत्र्यापलीकडून आवाज आला, "तुमच्या आजोबांच्या वेळच्या शेळ्या आणि आत्ताच्या शेळ्या, फरक काय?"

"पहिलेच्या मोठ्या होत्या, मॅडम. आमचे आबा म्हनतात, गाढवाएवढ्या."

"आणि आता लहान का?"

"चारा नाई!" "पानी नाई!" "हवाच तशी हाय, मॅडम!"

"बरं. तुमच्या घरी दोन बोकड आहेत. एक दांडगा, एक मरतुकडा. दांडग्याचं काय करता?"

"इकतो! ईदले चांगला जाते."

"आणि मरतुकड्याला?"

"त्याले कोन घेते? तो राह्यते घरीच. हिंडते शेळ्याईमांगं."

"मग पुढच्या करडांचा बाप कोण?"

मी इकडं व्याकरण थांबवलं. माझा आख्खा वर्ग पत्र्याला कान लावून बसला होता.  आणि मग पलीकडच्या मागच्या बाकावरून एक आवाज, स्वतःच दचकलेला: "माय व! तो मरतुकडाच ना, मॅडम!"

काय हशा पिकला! मी टाळी वाजवली भिंतीवर. तू सांगितलंस, की याला कृत्रिम निवड म्हणतात. चांगली जनावरं पैदाशीला ठेवून माणसानं गाई सुधारल्या, कोंबड्या सुधारल्या, ज्वारीचं कणीस मोठं केलं. आणि आपण गावात तीच निवड उलटी करतो आहोत. सगळ्यात चांगलं ते विकतो, उरलेल्याला बाप करतो. मग तुझ्या डोक्यात आलं, की यंदा एक दांडगा बोकड विकायचा नाही. वर्गातल्या साऱ्यांच्या शेळ्या त्याच्याकडं न्यायच्या, करडं झाली की वजनं करायची.

"गावात सगळ्यात मोठा बोकड कोणाचा?"

"काजलच्या आजीचा!" सारा वर्ग एका सुरात.

"हो का गं, काजल?"

"हो, मॅडम."

काजल म्हणजे तुझ्या पहिल्या बाकावरची. दोन वेण्या, मान खाली. तिचं 'हो, मॅडम' याच्यापलीकडं कोणी काही ऐकलेलं नाही. नववीत ती माझ्याकडं होती. 'कशी आहेस' विचारलं तरी ती 'हो, मॅडम' म्हणायची.

दुपारी आपण दोघी तिच्या घरी गेलो. मी तमाशा बघायला. गोदाआजीच्या अंगणात लिंबाच्या सावलीत तो बसला होता, निवृत्त तहसीलदारासारखा. डोळे अर्धे मिटलेले, तोंड चालू. खरंच, काय जनावर होतं! तू जागच्या जागी उभी राहिलीस आणि जाहीर केलंस, "आजी, हा विकायचा नाही. हाच आपला बाप."

आजीनं तुझ्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग बोकडाकडं. मग काजलकडं. काजलनं जमिनीकडं पाहिलं. कुडापलीकडच्या बाया पदराचा बोळा तोंडात घालून उभ्या होत्या. मला वाटलं, शिक्षिका घरी आली म्हणून लाजल्या.

"याची पैदास करायची, आजी."

"याची?" आजी म्हणाली.

"याचीच."

आजीनं बोकडाच्या पाठीवर एक थाप मारली. मग म्हणाली, "बरं, मॅडम. तुमी म्हनता तं. तुमची इद्या मोठी. तसाबी त्याले पुढच्या ईदलेच काढाचा हाय." आणि आपल्याला गुळाचा चहा दिला.

पुढच्या आठवड्यात पोरं शेळ्या घेऊन तिथं जाऊ लागली. तू एकदा बघायला गेलीस. परत येताना बसमध्ये तू खिडकीशी बसलीस, पिशवी मांडीवर घेतलीस आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "नाटकी, तो खच्ची आहे."

"कोण?"

"आपला बाप."

पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघू लागला.

तू सांगितलंस, शेळी माजावर होती, शेपटी हलवत होती, आणि हा गडी कडुलिंबाचा पाला खात उभा. वळूनही बघेना. वर अंगाला वास नाही. पैदाशीचा बोकड तीन घरं अलीकडून नाकाला कळतो. मग तू मागून पाहिलंस. "मी जीवशास्त्र शिकवते, बाई. पहिल्या दिवशी तो बसला होता म्हणून राहिलं, एवढंच." मग तू बोलत राहिलीस. खच्ची केला, इकडच्या भाषेत खस्सी केला, की बोकड भांडत नाही, पळत नाही, नुसता खातो आणि फुगतो. म्हणूनच तो गावातला सगळ्यात मोठा. "मोठेपण त्याच्या वाणाचं नाही, नाटकी. त्याला तसं केलंय. आणि मी त्यालाच निवडला!"

मी हसून हसून बाकाच्या कडेला आले. जीवशास्त्राच्या बाईनं गावभरातून पैदाशीला निवडला तो नेमका खस्सी! मी म्हणाले, हे मी वाशीमच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या दहा जणांना सांगणार. तू म्हणालीस, "एकालाही सांगायचं नाही."

"का? उद्या वर्गात सांगून टाक, चुकले म्हणून. चांगला धडा होईल."

तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, "मी कशाला सांगू? सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. शेळ्यांमध्ये वाढलेली पोरं ती. हसलीसुद्धा असतील घरी जाऊन. पण एकानं तोंड उघडलं नाही. चपलेत दिसतं ते सांगतात, गं. मॅडमचं चुकलेलं दिसतं, ते सांगत नाहीत." मग जरा वेळानं, "मी थांबणार. एक जण उभा राहून म्हणेल, मॅडम, तुमचं चुकलं. तोवर हाच आपला बाप. मला आता करडं नकोतच. मला ते वाक्य हवंय."

असं झालं ते. बोकडाचा प्रयोग संपला त्या दिवशी आणि दुसरा सुरू झाला. तो फक्त आपल्या दोघींना माहीत होता.

काय काय केलंस तू! वर्गात विचारायचीस, "अजून एकही शेळी गाभण कशी नाही रे? काय कारण असेल?" मी पत्र्याला कान लावायचे.

"मॅडम, शेळ्या नव्या जागी लाजतात."

"मॅडम, यंदा हवाच बरोबर नाई."

"मॅडम, थो जरा म्हातारा हाय." दीड वर्षाचा तो बोकड!

एका पोरानं तर सांगितलं, की बोकडाला नजर लागली. तू विचारलंस, कोणाची? तो म्हणाला, "आता कसं सांगाचं, मॅडम." इतक्या जवळ आला होता. तू श्वास धरलास, मी इकडं धरला. तो बसला खाली.

गोदाआजीला तू रस्त्यात गाठलंस. "आजी, बोकड काही मनावर घेत नाही." आजी म्हणाली, "तुमी काई औशीद देसान ना, मॅडम? मी तेच म्हनलं, डाक्टरीत काईबी निंगते आता." तिनं तुझ्या विद्येवर इतका विश्वास टाकला होता, की निसर्गाची हार मान्य केली पण तुझी चूक मान्य केली नाही. तू त्या रात्री जेवली नव्हतीस. मला दुसऱ्या दिवशी तुझ्या डब्यात रात्रीची पातोडी तशीच दिसली तेव्हा कळलं.

मी तुझ्याशी भांडायचे ते यावरूनच. अजून भांडणं संपलं नाही आपलं, आणि हीच गोष्ट मला फार थकवते आहे. भांडण अर्ध्यावर टाकून जाणाऱ्याशी काय करायचं असतं?

माझं म्हणणं होतं, कोणी बोलणार नाही. मी म्हणायचे, शोभे, तुझ्याच धड्यातलं आहे. आपण काय करतो? जे गप्प बसतं त्याला पहिल्या बाकावर बसवतो. जे उलट विचारतं त्याला मागं. जे आणखी विचारतं त्याला वर्गाबाहेर. घरीही तेच, गावातही तेच. पिढ्यान् पिढ्या निवड चालली आहे. आता सगळी 'हो, मॅडम'च उपजतात. वाणच तो झाला.

आणि तू चिडायचीस. खरी चिडायचीस, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. "वाण म्हणू नको. पोरांना वाण म्हणू नको! बोकड पाहिलास ना? तो जन्मतः तसा नव्हता. त्याला तसं केलं. जे केलेलं असतं ते रक्तात उतरत नाही. त्या खस्सी बोकडाचा भाऊ बघ, कसा धडका देत हिंडतो. गप्प बसणं जन्माचं नसतं, नाटकी. केलेलं असतं. आणि बोकडाचं परत करता येत नाही, पोरांचं येतं."

"येत नाही."

"येतं."

रिठद ते वाशीम. रोज. येतं, येत नाही.

पुरावा म्हणून मी एकदा नववीत फळ्यावर लिहिलं, 'पोळा दिवाळीनंतर येतो'. शेतकऱ्यांची पोरं, शोभे! ज्यांच्या दारात बैल सजतात ती पोरं! साऱ्या वर्गानं मान खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं. एकानं तर खाली लाल रेघ मारली, महत्त्वाचं म्हणून. मी ते तुला विजयी मुद्रेनं सांगितलं. तू हसली नाहीस. म्हणालीस, "तू ते लिहून पुढं किती वेळ थांबलीस?" मी म्हणाले, पाच मिनिटं. तू म्हणालीस, "पाच मिनिटं! मी पाच महिने थांबायची तयारी केली आहे."

मग आपली पैज लागली. एक जरी पोर उठून म्हणालं, तर स्नेहसंमेलनात मी बोकडाचं सोंग घ्यायचं, शिंगं लावून, साऱ्या गावासमोर. नाही म्हणालं, तर माझ्या नाटकात तू काम करायचं. तू, जी नुसतं 'वंदे मातरम्' म्हणायला माइकसमोर उभी राहिलीस तरी खांबाला धरतेस. मी तुझ्यासाठी भूमिकासुद्धा लिहून ठेवली होती. महाराणीची. एकच संवाद. ती मी तुला दाखवली नाही, हे एक राहिलं.

आपलं शेवटचं बोलणं वाशीमच्या स्टँडवरचं. तू म्हणालीस, "काजल बोलेल, बघ." मी जोरात हसले. म्हणाले, "काजल? अगं, सगळं गाव बोलेल, बोकड स्वतः उठून सांगेल, पण काजल नाही." तू छत्री बगलेत मारलीस आणि म्हणालीस, "ती रोज माझ्याकडं बघते आणि ओठ हलवते. उद्या बोलू." उद्या रविवार होता, हे दोघींच्याही लक्षात नव्हतं.

मग सोमवार आलाच नाही तुला.

त्याबद्दल मी लिहिणार नाही. दवाखाना, तुझ्या मुलाचा फोन, ते सगळं ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं. मी दमले. एवढंच सांगते, की आता बसमध्ये तुझ्या खिडकीशी मी बसते आणि त्या खिडकीतून सारा रस्ता तोंडावर ऊन येतं. इतकी वर्षं तू एका शब्दानं बोलली नाहीस. मी तुला सांगत राहायचे, उद्या तरी मला खिडकीशी बसू दे, फार हट्टी आहेस. तू नुसती पदर डोक्यावर ओढून घ्यायचीस.

दहावीचा तुझा तास मला दिला आहे, दुसरं कोणी येईपर्यंत. तुझा धडा हातात घेऊन मी पहिल्या दिवशी उभी राहिले आणि मला वाटलं, पत्र्यापलीकडून कोणीतरी ओरडेल, 'लक्ष इकडं!' पलीकडं नववी होती, बिनशिक्षकाची, आणि तीही गप्प. मी म्हणाले, "मॅडमनी कुठवर शिकवलं होतं?" कोणी सांगेना. काजल रडत होती. आवाज न करता, जसं ती सगळंच करते.

आता शोकसभा. नाटकात शेवटचं वाक्य राखून ठेवायचं असतं, म्हणून त्या वाक्यानंतर काय झालं ते मी आधी सांगते. तू मला माफ करशील. तुझ्या 'आधी पुरावा'च्या नियमात बसत नाही, पण मला एवढं नाटक करू दे.

त्यानंतर असं झालं: गोदाआजीनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलू लागले, हसण्यानं की रडण्यानं ते मला अजून कळलेलं नाही. मागच्या रांगेतलं एक पोट्टं म्हणालं, "हाव ना, सर!" मग दुसरं. मग सगळी दहावी एकदम बोलायला लागली, कोणी ऐकत नव्हतं, सगळे सांगत होते. शेळ्या, वास, कधी केला, कोणी केला, कोणाच्या काकानं. बाया पदरात हसत होत्या. मुख्याध्यापक माइक धरून उभे होते, एका पायावर भार देऊन. आणि मी, जी पंचवीस वर्षं रंगमंचावर खोटं रडते, मी तुझ्या फोटोच्या मागं जाऊन बसले आणि मला खरं रडता आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. फोटोतली तू रागावलेली होतीस, पण मला पाठ दिसत होती, म्हणून बरं.

मी हरले, शोभे. पुठ्ठ्याची शिंगं करायला टाकली आहेत. इतक्या आनंदानं मी कधी हरले नव्हते आणि इतकी एकटी. हरल्यावर जिला तोंड दाखवायचं तीच नाही. मी तुला कधी सांगितलं नाही, की मला ही पैज हरायचीच होती. मी रोज पत्र्याला कान लावायचे ते हरण्यासाठीच. जिंकले असते तर तुला महाराणी करून मला काय मिळालं असतं? एक वाईट नटी. तुझं म्हणणं खरं निघालं असतं तर... निघालंच. फक्त उशिरा. तू म्हणशील, एका पोरीच्या बोलण्यानं काही सिद्ध होत नाही, आणखी पुरावे हवेत. ते मी गोळा करते. काल मी दहावीत मुद्दाम चुकीचं सांगितलं आणि थांबले. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबले. काय झालं ते सांगणार नाही. तू असतीस तर बसमध्ये सांगितलं असतं.

तर, शोकसभा. सकाळचं ऊन. मैदानात खुर्चीवर तुझा फोटो, उदबत्ती, माइकची शिट्टी. पोरं रांगेत. आपल्या दहावीची रांग सगळ्यात सरळ, तुला आवडली नसती. गावातले लोक कुंपणाशी. तेवढ्यात फाटकातून गोदाआजी आली आणि तिच्या हातात दोर, दोराला तो. अंघोळ घातलेला, शिंगांना तेल लावलेला, काळा कुळकुळीत. "मॅडमचा होता," ती म्हणाली, "त्यालेबी आनला." त्याला फोटोजवळ उभं केलं. त्यानं तुझ्या हारातलं एक झेंडूचं फूल तोडून खाल्लं. कोणी हाकललं नाही.

दोन मिनिटं स्तब्धता झाली. मग मुख्याध्यापक उभे राहिले. माझा कागद त्यांच्या खिशात होता. पण समोर आजी, बोकड, तू, हे सगळं पाहून ते कागद विसरले. तेही आपल्यासारखे वाशीमहून येणारे, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. बोकडाच्या पाठीवर हात ठेवून ते भरल्या आवाजात म्हणाले, "मॅडम आज आपल्यात नाहीत. पण मॅडमनी निवडलेला हा बोकड आपल्यात आहे. मुलांनो, मॅडमचा वारसा हाच पुढे चालवील. याची मुलं, त्यांची मुलं, पिढ्यान् पिढ्या या गावात मॅडमचं नाव..."

मी दहावीच्या रांगेकडं बघितलं. सगळ्या माना खाली. जमिनीकडं. पहिल्या जागेवर काजल. दोन वेण्या. तिचे ओठ हलत होते, तू म्हणाली होतीस तसे. मी मनात म्हणाले, झालं, शोभे, पाहिलंस, मी जिंकले. आणि तिनं मान वर केली. तुझ्या फोटोकडं पाहिलं. आणि मग, साऱ्या शाळेसमोर, साऱ्या गावासमोर, इतक्या मोठ्या आवाजात की कुंपणावरचे कावळे उडाले, ती ओरडली:

"सर, तुमचं चुकून राह्यलं! तो खस्सी हाय! मॅडमले सांगाचंच राहून गेलं!"